सोनवटचा कोरडा दिवस

सोनवटला जाणार असाल आणि नेमकी वैशाख अमावास्या असेल, तर तहान सांभाळून जा. त्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत अख्ख्या शहरात कुणी थेंबभर पाणी सांडत नाही. नळांच्या तोंडांना फडकी बांधलेली असतात, खरकटी भांडी तशीच पडून असतात, हॉटेलवाले पत्रावळीवर वाढतात. खालच्या वेशीबाहेर, नदीकाठी, एका दगडी मोरीच्या तोंडाशी शेंदूर फासलेला हातभर दगड आहे. त्याला कोरडोबा म्हणतात. त्याला अभिषेक चालत नाही. हा देव असा पाण्याला पारखा का, त्याची हकिकत वेशीवरचे म्हातारे सांगतात ती अशी.

फार वर्षांपूर्वी या गावात दर पावसाळ्यात पटकी यायची आणि गल्लीच्या गल्ली रिकामी करून जायची. तेव्हाच्या सुभेदाराने वरच्या पेठेपासून नदीपर्यंत रस्त्याखालून एक मोरी बांधून घेतली. घराघरातलं सांडपाणी तिच्यात उतरू लागलं आणि दोन वर्षांत पटकी हटली म्हणे. रस्ते कोरडे झाले, पोरं जगू लागली. परगावचे लोक हे शहर बघायला यायचे, आणि सोनवटकरांची छाती फुगायची. पण मोरी म्हटली की गाळ आला, आणि गाळ काढायला कुणीतरी आत शिरायला हवं, याचा विचार पाहुण्यांनी केला नाही आणि गावकऱ्यांनी करायचं कारण नव्हतं. त्यासाठी वेशीबाहेरचा गोंदनाक होता.

गोंदनाक अंगाने सडसडीत. मृग लागायच्या आधी, अमावास्येला, तो नदीकडच्या तोंडातून आत शिरायचा आणि चढाच्या बाजूने सरपटत जायचा. कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक त्याची बायको भागाई हिच्या हातात. आदल्या दिवशी दवंडी पिटायची, की उद्या गोंदनाक बाहेर येईपर्यंत मोरीत पाणी सोडू नये. भागाई दिवसभर त्या तोंडाशी बसून राही. दोर हलला की तिचा जीव भांड्यात पडे. तिला गावाचं कौतुक नव्हतं, पटकीचीही तिला आता भीती नव्हती. तो माणूस संध्याकाळी चालत घरी यावा, एवढंच तिला हवं असे.

त्या वर्षी आत कुठेतरी एक चिरा निखळला होता, म्हणून गोंदनाकाला उशीर झाला. ऊन मी म्हणत होतं. वर पेठेत अंघोळी खोळंबल्या होत्या, अंघोळीवाचून सोवळ्याचा स्वयंपाक अडला होता. सूर्य कलला तशी एका घरात कुणीतरी म्हणालं, बाकी सगळं गाव पाणी धरून बसलंय, आपल्या एका घंगाळाने काय होतंय? शेजारच्या घरातही तेच म्हणाले. त्याच्या शेजारच्याही. कुणी दुष्टपणा केला नाही हो, प्रत्येकाने शेजाऱ्यावर विश्वास टाकला, एवढंच.

भागाईच्या हातातला दोर एकदम ताणला गेला आणि मग सैल पडला. मोरीतून घरघर ऐकू आली, पाठोपाठ काळं पाणी आलं. तिने तळहात सोलून निघेपर्यंत दोर ओढला. तो आत कुठेतरी अडकला होता.

पंच जमले. कुणी पाणी सोडलं, अशी विचारणा झाली. प्रत्येक घराने एकेक घंगाळ कबूल केलं, आणि एका घंगाळाने माणूस मरत नाही हे पंचांनाही पटलं. दोष कुणाचाच निघाला नाही. तोवर मोरी तुंबली होती आणि घाण वरच्या पेठेत उलटू लागली होती. भागाईचा दीर आत जायला निघाला, तर ती त्याच्या आडवी आली. वस्तीतलं कुणी जाणार नाही, गावातल्या कुणी जावं, असं तिने बजावलं. गावातून कुणी पुढे आलं नाही.

मग गाव घाबरलं. पटकी परत येईल या भीतीने सगळ्यांनी घंगाळं पालथी घातली. तीन दिवस कुणी अंघोळ केली नाही, भांडं विसळलं नाही. तीन दिवस! म्हणजे जमत होतं की.

मोरी ओसरली तशी भागाईने पदर खोचला आणि ती स्वतः आत शिरली. तिने त्याला एकटीने बाहेर आणलं. त्याची काया फुलासारखी ताजी होती, असं सांगतात. सांगणाऱ्यांपैकी जवळ कुणी गेलं नव्हतं.

थोरले पंच लांबूनच म्हणाले, की गोंदनाकाने गावासाठी देह ठेवला, आम्ही त्याचा देव बसवू. भागाईने मान वर केली.

"देव नगं, म्हाराज. त्याला दगुड करून बसवू नगा. मानूस आत असंल तवा पानी सोडू नगा, येवढंच द्या."

पंचांनी नदीचं पाणी हातात घेऊन वचन दिलं. भागाई त्याच आठवड्यात गाव सोडून गेली. पुढच्या अमावास्येला तिथे दगड बसला.

आजही सोनवट ते वचन पाळतं. कोरड्या दिवशी शहर पाणी किती वाचवतं याचा फलक चौकात लागतो, शाळांतून निबंध होतात, स्वच्छ शहराचं बक्षीसही मिळालं आहे. त्या दिवशी मोरीत कुणीच उतरत नाही, कारण उत्सवाची पालिकेला सुट्टी असते. गाळ काढणारी माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी उतरतात, अंघोळीच्या वेळेला.