दोनच अंश जास्त

शपथेवर सांगतो, गोष्ट शंभर टक्के खरी आहे. निम्मी तर नक्कीच.

फार पूर्वी, यंत्रं बोलायची तेव्हा, हेमलताबाईंची कोंबडी अंडी सोडून उठली ती परत बसेचना. बाईंनी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावला. तो कधी विझवायचा हे सांगायला सेन्सर हवा होता, कारण दोन अंश जरी चढले तरी पिल्लं आतच मेली असती.

"मला घ्या! मी दशांशासकट सांगतो," चकचकीत सेन्सर म्हणाला.

मुगाएवढा थर्मिस्टर, तोही तापमान मोजणाराच, चाचरला. "बाई, मी दोन अंश जास्त सांगतो. पण रोज दोनच."

"घ्या! स्वतःच कबूल करतोय!" चकचकीत हसला.

बाईंनी तापमापी ठेवून दिवसभर दोघांना पारखलं. चकचकीत कधी तीन वर, कधी एक खाली. थर्मिस्टर मात्र दोनच वर.

"तुझे दोन मी बल्बच्या प्रोग्राममध्ये वजा करते, बाळा. चल कामाला," बाई म्हणाल्या.

एकविसाव्या दिवशी कवचावर आतून टकटक झाली, तेव्हा कुठे थर्मिस्टरने रोखलेला श्वास सोडला. बारा पिल्लं निघाली!

बरं, बारा ही माझी थाप. निघाली दहा. मीही दोन जास्तच सांगतो, पण रोज दोनच.