बुजवलेल्या विहिरीवरचं होम थिएटर

घरातल्या वस्तू माणसांसमोर गप्प बसत आणि माणसं उठून गेली की भांडत, तेव्हाची ही गोष्ट. अच्युतरावांचं घर एका बुजवलेल्या विहिरीवर बांधलेलं होतं. होम थिएटरसाठी त्यांनी दोन जोड्या पारखायला आणल्या: जमिनीवर उभे राहणारे टॉवर स्पीकर आणि फळीवर मावणारे बुकशेल्फ स्पीकर.

"मी बोललो की जमीन हादरते," टॉवर म्हणाला. "तू बस फळीवर कुजबुजत!"

"हादरते खरी," छोटा स्पीकर म्हणाला, "पण मघाशी खालून कुणीतरी उत्तर दिलं. हळू बोल."

"उत्तर कसलं, दाद आहे ती!"

संध्याकाळी सिनेमातल्या ढोलावर टॉवर तीनदा घुमला. खालून तीनदा धम् आलं. टॉवर खुशीत आणखी जोरात घुमला.

दुसऱ्या दिवशी नलिनीबाईंनी आतून विचारलं, "अहो, सिनेमा लावलात का?"

"नाही गं. वायरी काढून ठेवल्यात."

फरशी मात्र धडधडत होती. अच्युतरावांनी लगेच टॉवर परत पाठवले आणि छोट्या स्पीकरवर अगदी हलक्या आवाजात सिनेमा लावला. धडधड थांबली. तरी नलिनीबाई सोफ्यावर पाय वर घेऊनच बसल्या.

थोड्या वेळाने फरशीखालून कुणीतरी म्हणालं, "ऐकू येत नाही. आवाज जरा मोठा करा."