नळावरचं भांडण

"नाही का द्यायचं?" वरिष्ठ डॉक्टर आचरेकरबाईंनी विचारलं.

"वेळ टळली, मॅडम." डॉक्टर कौस्तुभने केसपेपर पुढे केला.

खाटेवर गजराबाई पडल्या होत्या. उजवं अंग लुळं, तोंड वाकडं, वाचा गेलेली. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन फ्रिजमध्ये तयार होतं; पण ते साडेचार तासांच्या आतच द्यायचं.

"नवरा रात्रपाळीचा वॉचमन. काल रात्री दहाला घरून निघाला, तेव्हा धड होत्या. आज दहाला परतला, तर अशा सापडल्या. म्हणजे तेरा तास धरायचे. नियम स्पष्ट आहे."

कौस्तुभला नियम पाठ होते. त्याला सुवर्णपदक मिळालं होतं, ते काही उगीच नाही.

"घरात आणखी कोण?"

"सून आहे. पण तिनं पाहिलं नाही म्हणे."

"म्हणे..." बाई म्हणाल्या आणि दाराशी गेल्या.

सून रंजना भिंतीला चिकटून उभी होती. पदराचं टोक दातांत धरलेलं. बाई तिच्यासमोर थेट जमिनीवर बसल्या. मग तीही बसली.

"सासूबाई शेवटचं कधी बोलल्या तुझ्याशी?"

रंजनानं सासूच्या खाटेकडे पाहिलं.

कौस्तुभने घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा. इथे मिनिटं चालली आहेत आणि मॅडम जमिनीवर बसल्यात!

"सकाळी..." रंजना कशीबशी म्हणाली. "आमचं भांडण झालं. नळावर."

"नीट बोलत होत्या?"

"नीट? अख्ख्या आळीसमोर माझं माहेर काढलं, मॅडम."

"शब्द अडखळला कुठे?"

"छे! तसाच भरला हंडा उचलला उजव्या हातानं आणि गेल्या घरात. मी रागानं बहिणीकडे निघून गेले. नळ साडेनऊला जातो, तेव्हाच." तिला हुंदका आला. "माझ्यामुळं झालं का हो हे?"

"तुझ्यामुळं वेळ कळली, बाळा."

साडेनऊ... कौस्तुभने केसपेपर पुन्हा पाहिला. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, साखर ठीक होती, वेळही हातात होती. आणि त्यानं स्वतःच्या अक्षरात 'देऊ नये' लिहून टाकलं होतं.

"इंजेक्शन काढा!" तो नर्सवर ओरडला.

"रक्तदाब किती?" बाईंनी विचारलं.

"दोनशे दहा."

"मग आधी तो एकशे पंच्याऐंशीच्या खाली उतरव. एवढ्या दाबावर दिलंस, तर डोक्यात रक्तस्राव होईल."

"पण मॅडम, एकेक मिनिट..."

"हो. एकेक मिनिट."

दाबाचं औषध शिरेतून गेलं. दोनशे... एकशे अठ्ठ्याण्णव... एकशे नव्वद. तेवढ्यात त्यानं नवऱ्याला सगळं सांगितलं. सुधारू शकतात, पण खात्री नाही. रक्तस्रावाचा धोका आहे. नवऱ्यानं मान हलवली. मशीनचा पट्टा पुन्हा फुगला. कौस्तुभचा शर्ट पाठीला चिकटला होता. दाब एकशे ऐंशी झाला. पुन्हा मोजला. तेवढाच.

त्यानं सिरिंज उचलली. हात लटपटत होता. त्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

त्यानं स्वतःच दिलं.

मग तासभर सलाईनमधून उरलेला डोस. दर पंधरा मिनिटांनी तो दाब पाहायचा, "हात उचला" म्हणायचा. हात हलत नव्हता. प्रत्येक वेळी रक्तस्रावाच्या धास्तीनं तो डोळ्यांत बॅटरी मारून बाहुल्या तपासायचा.

दीड वाजता बोटं हलली.

चारला गजराबाईंनी सुनेकडे पाहून ओठ हलवले. शब्द बोबडा होता, पण शिवीच होती. रंजना रडता रडता हसली.

दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही. गजराबाईंच्या चालीत थोडा लंगडेपणा मात्र उरला.

कौस्तुभ बाईंच्या खोलीत गेला.

"मॅडम, काल माझा हात कापत होता. तुम्ही पाहिलंत. तरी सिरिंज माझ्या हातातून घेतली नाहीत..."

बाईंनी चष्मा पुसला.

"म्हणून तर घेतली नाही. 'देऊ नये' लिहिताना तो कापला नव्हता."