कणीची वाट

मोझांबिकच्या उत्तरेला, गाडीरस्ता संपल्यावर दोन दिवस चालावं, तेव्हा नामुकोरोचा डोंगर दिसतो. सगळा मिळून एकच काळा ग्रॅनाइटचा कातळ. त्याच्या अंगावर पायथ्यापासून वरच्या कपारीतल्या रानापर्यंत एक बारीक पांढरी रेघ गेली आहे. पाहुण्यांना चढायची घाई असते. म्हातारा वाटाड्या मुकुसा मात्र झाडाखाली बूड टेकतो. "बसा हो. डोंगर कुठं पळतोय?" म्हणतो, आणि सांगू लागतो.

फार मागे, म्हणे, तीन वर्षं पाऊस फिरकला नाही. झरे आटले, गाव उठायच्या बेताला आलं. पण गावातल्या नासिले नावाच्या पोरीची आई अंथरुणाला खिळलेली. तिला नेणार कशी, आणि टाकून जाणार कशी? डोंगरावर पाणी असेल, एवढीच नासिलेला आशा. रीत अशी, की आधी पायथ्याशी ज्वारीच्या पिठाचा ढीग घालून डोंगराला विचारायचं. सकाळी ढिगाचं टोक शाबूत असलं तरच चढायचं.

घरात बियाण्याची ओंजळ उरली होती. तीच तिने उखळात घातली.

"बियाणं कांडतेस? मग पेरशील काय, खडे?" शेजारची इवाला म्हणाली.

"पाणी नसलं तर बियाणं तरी कुणाला दाखवू, वहिनी?"

हातात बळ नव्हतं. पीठ कसलं, जाडीभरडी भरडच झाली. सकाळी बघते तर ढीग ढासळलेला. डोंगर नको म्हणाला, असं समजून माणसं बोचकी बांधायला गेली.

नासिले तिथंच बसून राहिली. रडायचंही त्राण नव्हतं, म्हणून नुसती बघत राहिली. तेव्हा दिसलं, एक कणी चालते आहे. मुंगीच्या तोंडात. तिच्यामागे दुसरी. काळ्या कातळावर पांढरी रांग वर वर चालली होती.

'नको म्हणणारा कधी दिलेलं घरात नेतो का?' असं मनाशी म्हणत ती रांगेमागे हातापायांवर चढली. रांग कपारीत शिरली, तिथं शेवाळ ओलं होतं. तिने नखांनी माती उकरली. दुपारपर्यंत ओंजळभर पाणी साचलं. उपसलं, तर पुन्हा भरलं. पहिलं पाणी तिने आईला पाजलं, असं सांगतात. गावाने बोचकी सोडली.

भरडीत काही दाणे अख्खे राहिले होते. मुंग्यांनी नेलेले ते दाणे कपारीच्या ओलीत उगवले. पुढच्या पेरणीचं बियाणं तिथून इवालानेच खुडून आणलं, म्हणे, आणि खड्यांचं पुन्हा कधी बोलली नाही.

आजही त्या कपारीतल्या रानावर कुणी कुऱ्हाड चालवत नाही. आजही पायथ्याशी पीठ नाही, मुद्दाम भरडच ठेवतात, आणि मुंगीने पहिली कणी उचलल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही. कधी घटकाभर लागते, कधी अख्खा दिवस.

मुकुसा गुडघ्यांवर हात ठेवून वाकतो, बराच वेळ बघतो.

"उचलली," तो म्हणतो. "चला आता. तिच्या मागं हो, पुढं नको."