त्रेसष्ट क्रमांकाच्या बाई

"पण बाई, माझ्या गणिताप्रमाणे ही रुग्ण आज हयातच नसायला हवी होती. सहा वर्षं ती जगली कशी?"

तेरदाळकरबाईंनी सूक्ष्मदर्शकावरची मान वर केली नाही.

"तुझी काही हरकत आहे का?"

डॉक्टर अर्चिता होनराव ओशाळली. पण प्रश्न मागे घेण्याचा तिचा स्वभाव नव्हता. हातातली फाईल तिने टेबलावर ठेवली आणि उत्तराची वाट पाहत ती उभी राहिली.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर ती प्रबंध लिहीत होती. या रुग्णालयात उपचार घेऊन गेलेल्या एकशे चाळीस स्त्रियांच्या गाठींचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत जपून ठेवलेले होते. ते तिने एकेक करून बाहेर काढले, त्यांतली जनुके वाचली आणि प्रत्येक स्त्रीच्या क्रमांकापुढे एक आकडा मांडला.

शरीरातली प्रत्येक पेशी आत काय चालले आहे त्याचे नमुने जणू दारात मांडून ठेवते आणि पहाऱ्यावरच्या पेशी येता-जाता ते तपासतात. ही मांडणी कोणाची कशी असावी, हे जन्मतःच ठरते. काही गाठी पुढे ती मांडणीच मोडून टाकतात, म्हणजे तपासायला काही उरत नाही. जन्माने काय मिळाले आणि गाठीने त्यातले काय मोडले, या दोहोंवरून रुग्णाचे पुढचे भाकीत करता येईल, असे अर्चिताचे म्हणणे होते. म्हणणे पोरकट नव्हते. परदेशातल्या एका परिषदेत त्यावर तिला दहा मिनिटे बोलायला मिळाली होती, आणि ती दहा मिनिटे विभागातल्या प्रत्येकाने तिच्याकडून निदान दोनदा ऐकली होती.

त्रेसष्ट क्रमांकापुढच्या आकड्याचा अर्थ होता, दोन वर्षे. फार तर सव्वादोन.

या त्रेसष्ट क्रमांकाच्या बाईंचे नाव शालन बंडगर. जतकडच्या एका गावात त्या शाळेची खिचडी शिजवत. सहा वर्षे त्या ठणठणीत होत्या. महिन्याभरापूर्वी मात्र त्यांच्या उजव्या जांघेत गाठ आली. गेल्या आठवड्यात शल्यविशारदांनी ती काढून तपासायला पाठवली. कर्करोग उलटला आहे की नाही, ते आज कळायचे होते, आणि त्यासाठी त्या सकाळपासून विभागाबाहेरच्या बाकावर बसून होत्या.

अर्चिताच्या मते ते कळलेलेच होते.

गाठीची बातमी प्रथम ऐकली, तेव्हा तिच्या मनात समाधानाची एक बारीक रेघ उमटून गेली होती. उशिरा का होईना, आकडा खरा ठरत होता. ती रेघ तिने लगेच पुसली. पण उमटली होती हे तिला ठाऊक होते, आणि म्हणूनच आज ती नेहमीपेक्षा ताठ उभी होती.

तेरदाळकरबाईंना पेशी तपासणाऱ्या या विभागातून निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली होती. तरी मंगळवारी आणि शुक्रवारी त्या येत, खिडकीजवळच्या सूक्ष्मदर्शकापाशी बसत आणि त्याच यंत्राच्या समोरच्या नेत्रिकेशी, म्हणजे डोळा लावायच्या नळीशी, विद्यार्थ्याला बसवत. दोघांना एकच दृश्य एकाच वेळी दिसे. त्यांचा नियम एकच होता, आधी काच, मग कागद. काच म्हणजे स्लाइड. नाव, वय, जुने रिपोर्ट, यांतले काहीही वाचण्याआधी स्लाइड पाहायची, काय दिसले ते मोठ्याने सांगायचे आणि मगच फाईल उघडायची.

तरुण डॉक्टरांना हा प्रकार जुनाट वाटे. अर्चिता तर एकदा चहाच्या वेळी म्हणाली होती, की हे पत्ता न वाचता घर शोधण्यासारखे आहे. ते बाईंच्या कानावर गेले. त्यामुळे वाटेतली पुष्कळ घरे बघून होतात, एवढेच त्या म्हणाल्या होत्या.

आता त्यांनी मान वर केली.

"बंडगरांची काच आली?"

"आत्ताच आली. मी अजून पाहिलेली नाही."

"मग हा कागद कसला?"

फाईलमध्ये सर्वांत वर रिपोर्ट होता, टाइप केलेला. जांघेतल्या लसिकाग्रंथीत मूळ कर्करोगाचा प्रसार झाला आहे, असे त्यात म्हटले होते. सही तेवढी बाकी होती. अर्चिताने खुलासा केला, की तो केवळ मसुदा आहे. दुपारच्या बैठकीआधी वेळ वाचावा म्हणून तो करून ठेवला. आणि जनुकांचा निकाल हाताशी असताना स्लाइड पाहणे ही तशी औपचारिकताच होती.

बाईंनी तो शेवटपर्यंत वाचला. मग पेनाचे टोपण काढून त्यांनी पेन तिच्यापुढे धरले.

"कर सही."

"पण... स्लाइड?"

"औपचारिकताच आहे ना? कर. त्या सकाळपासून ताटकळल्यात."

अर्चिताने पेन घेतले. कागदावर टेकवले...

शाईचा एक ठिपका उमटला आणि पसरत गेला.

तिने पेन खाली ठेवले, खुर्ची ओढली आणि स्लाइड लावली.

प्रथम तिला वाटले, आपण भलत्याच जागी पाहत आहोत. तिने स्लाइड सरकवली, पुन्हा सरकवली. सगळीकडे त्याच पेशी होत्या: लहान, गोल, गडद निळ्या. लिम्फोसाइट. शरीराच्या स्वतःच्या पहारेकरी पेशी. बाजाराच्या दिवशी गाव फुगावे तशी ती ग्रंथी फुगली होती, पण आपल्याच माणसांनी. परके कोणी नव्हते.

तिने त्या गाठीच्या तिन्ही काचा पाहिल्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पाऊण तास गेला. बाई समोरच्या नेत्रिकेतून तेच पाहत होत्या. अर्चिताने पहिली काच तिसऱ्यांदा लावली, तेव्हा त्यांनी विचारले.

"काय शोधतेस?"

"कर्करोगाच्या पेशी."

"सापडायला हव्यात का?"

"नकोत," अर्चिता म्हणाली.

तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. तिने डोळे नेत्रिकेवरून काढले आणि पाठ खुर्चीला टेकली. सकाळपासून आपण कुठे टेकलोच नव्हतो, हे तिला तेव्हा कळले.

बाईंनी फाईल ओढून घेतली, पाने उलटली आणि विचारले, या बाईंच्या पायाला काही झाले होते का. जनुकांविषयी चार पाने होती. पायांविषयी ओळ नव्हती. विचारून ये, असे त्यांनी सांगितले. आणि आधी निकाल सांग, असेही.

शालन बंडगर तिला पाहून उठल्या. अर्चिताने एका वाक्यात सांगितले, की गाठीत कर्करोग नाही. शालनबाई पुन्हा बाकावर बसल्या, पदराने तोंड पुसले, मग पदर तसाच तोंडावर धरून राहिल्या...

अर्चिता शेजारी बसली. रुग्णाशेजारी बाकावर बसण्याची ही तिची पहिलीच वेळ होती.

जरा वेळाने तिने पायाचे विचारले, तशी शालनबाईंनी उजवी चप्पल काढून टाच पुढे केली. व्रण भरत आला होता. भाचीच्या लग्नाला नवी चप्पल घातली, ती चावली, टाच सोलवटली आणि पिकली.

"मी पहिल्याच दिवशी म्हणलं, जखमेनं अवधाण आलंय. पाय पिकला की जांघेत गाठ येतीच की. तर सगळी म्हणली, मावशी, तुम्ही गप बसा, तुमची केस मोठी हाय."

जुना आजार लक्षात घेता गाठ काढून पाहणे बरोबरच होते, हे अर्चिताने नीट समजावून सांगितले. शालनबाईंनाही ते पटले. निसतं अवधाण म्हणून घरी बसले असते तर झोप लागली नसती, असे त्या म्हणाल्या. मग हलक्या आवाजात त्यांनी विचारले, आता पुढे किती वर्षे धरून चालायची.

अर्चिताकडे आकडा होता. तो संपून चार वर्षे होत आली होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

शालनबाईंचा चेहरा उजळला.

"बरं झालं. मागल्या खेपेला एका डॉक्टरनं दोन सांगितली हुती. मी बी धरून चालले. पोरीचं लगीन घाईनं उरकलं." त्या थांबल्या. "जावई जरा बघून केला असता."

अर्चिताला हसू आले. थोडे थांबा, एवढे सांगून ती आत आली.

बाई आपली चष्म्याची काच पुसत होत्या. टाचेचे ऐकून त्यांनी मान डोलावली. अर्चिताने टाइप केलेला रिपोर्ट फाडला, नवा हाताने लिहिला, सही केली. मग ती पुन्हा उभी राहिली. ही गाठ निर्दोष आहे, ते ठीक. पण सहा वर्षांपूर्वीच्या गाठीत मांडणी मोडलेली होती, हे तिने तीन वेळा तपासले होते. मग गणित चुकले कुठे?

बाईंनी तिला त्रेसष्ट क्रमांकाची जुनी काच आणायला सांगितली. ठोकळ्याचा पातळ काप लावलेल्या ज्या काचेवरून तिने प्रबंधासाठी नमुना घेतला होता, ती.

ती पेटीत होती. सूक्ष्मदर्शकाखाली धरून अर्चिताने तिच्यावरची गाठ सुईने खरवडून काढली होती, कारण जनुके वाचायला शुद्ध नमुना लागतो. एकशे चाळीस काचा तिने अशा कोरल्या होत्या. आता या काचेवरच्या कापात मधोमध स्वच्छ भोक होते, आणि भोवती जे नको होते ते तसेच चिकटलेले होते.

बाईंनी काच लावली. बराच वेळ पाहिली.

"फार सुरेख कोरलंयस."

ते खरे कौतुक होते. अर्चिताला ते कळले.

"हे भोवतीनं कोण उभे आहेत?"

"ती भेस..."

शब्द तिच्या तोंडातच राहिला. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात तिने लिहिले होते, की भोवतालच्या पेशींची भेसळ काटेकोरपणे दूर करण्यात आली. भोकाच्या कडेने लिम्फोसाइट उभे होते. दाट, खांद्याला खांदा लावून, गाठ जिथे जिथे पोचली होती तिथे तिथे.

"म्हणजे मांडणी मोडली होती, तरी यांनी ओळखलं. यांनीच तिला वाचवलं."

"असं मी म्हटलं नाही."

बाईंनी पेटीतली पुढची काच काढून तिच्या हातात दिली. चौसष्ट. अर्चिताने पाहिली. तिथेही भोक, तिथेही कडेने तीच दाट गर्दी.

"या बाई?"

"अकरा महिन्यांत गेल्या."

खिडकीबाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेले. चाकाचा आवाज लांब गेला, तशी अर्चिताने चौसष्टची काच पेटीत परत ठेवली.

अर्चिता सावकाश बोलली, स्वतःशीच बोलावे तशी. सगळ्या काचा पुन्हा पाहाव्या लागतील. भोक आणि कड, दोन्ही मिळून. वर्ष जाईल, कदाचित दीड. आणि तरीही...

"तरीही?"

"तरीही कुणा एकीविषयी सांगता येईलच, असं नाही."

हे म्हणताना तिला वाईट वाटायला हवे होते. वाटले नाही. अंगावरून कोणीतरी जड कोट उतरवून घेतल्यासारखे वाटले. तिने वहीचे कोरे पान काढले, वर क्रमांक एक लिहिला आणि पहिल्या काचेसाठी हात पुढे केला. मग तिला आठवले.

"बाई, त्यांना मी बाहेर थांबवून ठेवलंय. आणखी थोडं रक्त घेते, घरच्यांचीही माहिती विचारते. त्या जगल्या कशा, हे कळायला हवं."

"त्यांना?"

"मला."

बाईंनी डोळे पुन्हा नेत्रिकेला लावले.

"मग त्यांना जाऊ दे. एसटी चुकेल त्यांची."