कोष्ट्याची मांजरवाट

एक होता राजा. असू दे. तो आपल्या महालात सुखी आहे, त्याचं आपल्याला काय. त्याच्या गावात वेशीजवळ एक कोष्टी राहायचा, त्याची ही गोष्ट. नागू त्याचं नाव. बायकोचं नाव सरू. मूलबाळ नाही. घरात एक माग, आणि तीन मांजरी.

बकुळे, मांडीवरच्या मांजरीला एवढी आवळून धरू नकोस. म्हातारी आहे ती. सैल धर. हां. ऐका आता.

कोष्टी म्हणजे विणणारा. त्याच्या घरात मांजर लागतंच, बरं का. का ते सांगतो. सूत ताठ राहावं म्हणून कोष्टी त्याला तांदळाची खळ लावतो. दाट पेजेसारखी असते ती. वाळली की सूत कडक होतं. पण उंदराला ती खळ फार आवडते. एका रात्रीत अख्खं लुगडं कुरतडून ठेवील. म्हणून त्या गावात कोष्टी घर बांधायला लागला की भिंतीत खाली, जमिनीलगत, एक भोक ठेवायचा. वीतभर रुंद, वीतभर उंच. त्याला म्हणायचे मांजरवाट. माणसांचं दार लागायचं, कडी पडायची. पण मांजरवाट कधी बुजवायची नाही, असा रिवाज. का नाही बुजवायची? कुणाला ठाऊक नव्हतं. आजा बापाला सांगून गेला, बाप नागूला सांगून गेला, एवढंच.

तर त्या तीन मांजरी एका वेताच्या बहिणी. सुताच्या टोपलीत सापडलेल्या, डोळे न उघडलेल्या. काळी ती काजळी. पिवळी ती हळदी. पांढरी ती पिठी. सरूने कापसाचा बोळा दुधात बुडवून त्यांना वाढवलं.

नागूचा माग खड्ड्यातला. माग जमिनीवर, आणि विणणाऱ्याचे पाय खाली खड्ड्यात. तिथे ऊब असते. तिघी त्याच्या पायाशी वेटोळं करून बसायच्या. वर आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे पळायचा, आणि खाली घुर्र घुर्र चालायचं. किती वर्षं चाललं असं? पुष्कळ. नागू म्हातारा होत होताच. पण मांजराचं आयुष्य ते केवढं. त्या तिघी त्याच्या मागून आल्या आणि त्याच्या पुढे निघाल्या.

आधी उड्या गेल्या. कणगीवर चढणाऱ्या काजळीला खड्ड्याच्या काठावर चढवेना. मग नागूने खड्ड्यात दोन विटांची पायरी केली. मग दात गेले. सरू भाकरी दुधात कुस्करून द्यायला लागली. मग नखं वाढली, जमिनीवर टक टक वाजायला लागली. डोळ्यांवर धुकं आलं. अंग चाटायचं सुटलं, केसांच्या जटा झाल्या. नागू दुपारी काम थांबवायचा आणि सूत विंचरायच्या कुंच्याने तिघींना विंचरायचा.

सरू म्हणायची, "अहो, राणीचं लुगडं राहिलंय ते."

नागू म्हणायचा, "राणीला काय, दहा लुगडी आहेत."

मग एके दिवशी काजळी खाईना. नागू ताणा बांधत होता. ताणा म्हणजे उभं सूत. काजळी आली, आणि त्या सुतावरून चालायला लागली. नागू म्हणाला, "हो बाजूला. सूत तुडवू नकोस." ती बाजूला झाली. मांजरवाटेपाशी गेली, थोडं थांबली, आणि बाहेर गेली. नागूने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. रोज जायची ती, त्यात पाहायचं काय.

ती परत आली नाही.

नागूने ओढ्यापर्यंत शोधलं. कुंपणांतून शोधलं. तीन दिवस तिची वाटी भरून ठेवली. मग शेजारची तान्हाबाई म्हणाली, "नागूभाऊ, नका शोधू. मांजर आपला शेवट घरच्यांना दाखवत नाही."

नागू घरी आला. मागावर बसला. आपण तिला शेवटचं काय बोललो, ते त्याला आठवलं. हो बाजूला, म्हणालो. एवढ्या वर्षांच्या सोबतीचा हा निरोप. तो त्याच्या मनात काट्यासारखा बसला.

मग पाऊसकाळ गेला, आणि हळदी खाईना. या वेळी नागू शहाणा झाला होता. तो तिला नजरेआड करेना. ती झोपली की हा बसून राहायचा. ती उठली की हा उठायचा. पण राजाचा शिपाई आला, लुगडं घेऊन चल म्हणाला. नागू सरूला म्हणाला, "मी येईपर्यंत हिच्यापासून हलू नकोस." सरू बसली. ऊन चढलं. हळदीने पाणी मागितलं. म्हणजे वाटीपाशी गेली आणि सरूकडे बघितलं, मांजर असंच मागतं. वाटी कोरडी. सरू माठापाशी गेली, माठात तळाला होतं ते ओतून घेतलं, आणि वळली. तेवढ्यात हळदी गेली.

नागू परत आला तेव्हा सरू भरलेली वाटी हातात धरून बसली होती.

राहिली पिठी.

आता पिठीला ऐकू येईना. एक डोळा पार गेला. ती खड्ड्यात नागूच्या पायावर मान टाकून पडायची, आणि तो पाय हलवायचा नाही. विणताना पाय हलवावा लागतो, बरं का. म्हणून विणणंच थांबलं.

मग एके दिवशी पिठी खाईना. सरूने दूध बोटावर घेऊन तोंडाला लावलं. पिठीने तोंड फिरवलं. नागू उठला. जुन्या चिंध्या घेतल्या. खळीचं भांडं घेतलं. चिंध्या खळीत भिजवल्या, पिळल्या, आणि मांजरवाटेत कोंबल्या. वरून आणखी खळ थापली.

सरू म्हणाली, "अहो, रिवाज नाही असा."

नागू म्हणाला, "रिवाजाने दोन नेल्या. ही मी देत नाही."

दिवसभर ऊन होतं. खळ वाळली. चिंध्या लाकडासारख्या झाल्या, मग दगडासारख्या झाल्या.

दिवेलागणीला बाहेरून कुणीतरी भिंतीवर बोट वाजवलं. अगदी खाली, जमिनीलगत.

बारीक आवाज आला, "कोष्टीबाबा, वाट मोकळी कर."

नागू म्हणाला, "कोण आहे?"

"मी झोप. रोज याच वाटेने तर येते."

नागू ओणवा झाला. बुजलेल्या वाटेला कान लावला. झोपेच्या मागे आणखी कुणीतरी उभं होतं. श्वास ऐकू येत नव्हता, पण कुणीतरी होतं.

"तुझ्या मागे कोण आहे?"

"माझी थोरली बहीण. तिचं नाव विचारू नको, बाबा."

नागूने नाव विचारलं नाही. त्याला कळलं. तो म्हणाला, "तू आत ये. ती नको."

झोप म्हणाली, "वाट एकच आहे रे."

मग नागू वाटेला पाठ लावून बसला, आणि त्या दोघी निघून गेल्या. त्या रात्री त्या घरात कुणी झोपलं नाही. नागू नाही, सरू नाही. पिठीही नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा बोट वाजलं. नागू म्हणाला, "नाही." तिसऱ्या दिवशी पुन्हा वाजलं. नागू म्हणाला, "नाही." झोप म्हणाली, "बाबा, मी भुलक्कड आहे. चार दिवस एखाद्या घरी गेले नाही, तर मी ते घर विसरते. मग बोलावलंस तरी मला सापडायचं नाही." त्या पुन्हा निघून गेल्या.

आता घरात काय झालं ते ऐका. सरूचे डोळे लाल झाले. तिने पिठात मीठ दोनदा घातलं. नागूच्या हातून धागे तुटायला लागले, आणि तुटलेले धागे त्याला सांधता येईनात. पण त्यांचं सोडा. माणूस जागतो, त्याला सवय असते. पिठीचं सांगतो. झोप नसलेलं मांजर तुम्ही पाहिलंय का? मी नाही पाहिलं. कुणी पाहू नये. मांजर म्हणजे अर्धी झोपच असते. ती पिठी चार पायांवर उभी. बसवलं तर पुन्हा उठायची. पडायची, पुन्हा उठायची. खायची नाही, प्यायची नाही, आणि मरायचीही नाही. चांगला होता तो एक डोळा सताड उघडा. आणि तोंड त्या बुजलेल्या वाटेकडे.

नागू तिच्यासमोर बसला. म्हणाला, "इथेच राहा की. मी आहे, सरू आहे. काय कमी आहे?"

तिला ऐकू येत नव्हतं.

सरू चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "अहो, एक विचारू?"

"विचार."

"एवढी वर्षं लुगडी विणलीत. एखादं तरी मागावरच ठेवलंत का?"

नागू म्हणाला, "खुळी आहेस का? विणून झालं की उतरवायचंच असतं. नाहीतर कुजतं मागावर."

सरू म्हणाली, "तेच म्हणते मी."

आणि ती भाकरी थापायला लागली.

नागूने बुजलेल्या वाटेवर हात फिरवला. मग म्हणाला, "पाणी तापव."

कारण ती खळ आता दगड झाली होती. हाताने निघेना, कोयत्याने निघेना. वाळलेली खळ सोडवायला ऊन पाणीच लागतं, आणि वेळ लागतो. सरूने पाणी तापवलं. नागूने पहिला तांब्या ओतला. पाणी वरूनच ओघळून गेलं. तो पिठीला मांडीवर घेऊन बसला. ती उभी राहायला धडपडली, मग त्याच्या उबेत जरा थांबली.

मग तो बोलायला लागला. टोपलीत सापडलीस तेव्हा माझ्या अंगठ्याएवढी होतीस, म्हणाला. पहिला उंदीर धरलास तो माझ्या जेवणाच्या ताटात आणून ठेवलास, म्हणाला. सरू चुलीपाशी हसली, आणि पदराने डोळे पुसले. दुसरा तांब्या ओतला. चिंध्या कडेने जरा मऊ झाल्या. नागू पिठीला विंचरायला लागला. एकेक जट सोडवली, जसा सुताचा गुंता सोडवतात, न तोडता. तिची नखं कापली. सरू आली, तिने पिठीच्या कानामागे बोट फिरवलं आणि म्हणाली, "जा बाई. तुझ्यापायी आमच्या घरात उंदीर शिरला नाही कधी."

तिसरा तांब्या ओतला. आता चिंधी हाताला लागली. नागूने एक ओढली, दुसरी ओढली. दुपार झाली होती. शेवटची चिंधी निघाली तेव्हा भोकातून ऊन आत आलं. वीतभर ऊन, जमिनीवर.

पिठीने ते पाहिलं. मांडीवरून उतरली. चालत गेली, नखं न वाजवता. वाटेच्या तोंडाशी थांबली.

नागू जमिनीवर आडवा झाला, तिच्या ऐकू न येणाऱ्या कानाशी तोंड नेलं, आणि म्हणाला, "काजळी भेटली तर तिला सांग. सूत तुडवलंस तरी चालेल."

मग पिठी गेली. आधी डोकं, मग पाठ, मग शेपूट. उन्हात पांढरं मांजर, थोडं लांब गेल्यावर दिसेनासंच झालं. नागू उठून मागे गेला नाही. त्याने वाटेत हातही घातला नाही. नुसता बघत राहिला.

आणि त्याच वाटेने झोप आत आली. भर दुपारी. थोरली बहीण बरोबर नव्हती, ती दुसरीकडे गेली होती. झोपेने सरूच्या डोळ्यांवर हात ठेवला, नागूच्या डोळ्यांवर हात ठेवला. चुलीवरची भाकरी करपली. दोघं भिंतीला टेकून झोपली ती दुसऱ्या दिवशी उठली.

मग? मग उंदीर आले. यायचेच. कुरतडलेलं सूत नागू सांधत बसायचा, आणि चिडायचा नाही. सरू रोज मांजरवाटेपुढचं अंगण झाडायची. खड्ड्यात पायाला गार लागायचं, म्हणून नागू तिथे घोंगडीचा तुकडा टाकायचा, पण त्याने ती ऊब काही यायची नाही. दिवस गेले. हसायला लागली दोघं पुन्हा. हळूहळू. दोन विटांची पायरी मात्र नागूने काढली नाही. सरू एकदा म्हणाली, "आता कशाला हवी ती?" नागू म्हणाला, "राहू दे. कुणी आलं तर चढायला." आणि विणता विणता, धडधाकट आणि शांत, ती दोघं आपलं आयुष्य पुरं करून गेली.

संपली.

बकुळे, हात सैल सोडलास ना? बघ, ती कशी निवांत पडलीय तुझ्याकडे पाठ करून. राहू दे तशीच. उद्या तिला विंचरू आपण, दोघं मिळून. आणि दाराखालची फट मी आत्ताच पाहून आलो. मोकळी आहे. येईल आता ती धाकटी बहीण. मिटा डोळे.