मारेनची उडी

डेन्मार्कच्या किनाऱ्यावर एक गाव होतं. तिथे एक विचित्र रीत होती. ज्या गोष्टीचं नाव कुठून आलं हे गावातल्या वडीलधाऱ्यांना सांगता येत नसे, ती गोष्ट कुणी वापरायची नाही.

एकदा एका परक्या खलाशाने सहज विचारलं, "तुम्ही मुलांच्या खेळाला 'लाय' म्हणता. हा शब्द आला कुठून?"

गावच्या पाच वडीलधाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुलांचा खेळ बंद केला आणि खेळाच्या कुरणाच्या फाटकाला कुलूप लावलं.

सात वर्षांची मारेन काखेत चेंडू घेऊन फाटकाशी उभी होती. तिने त्या पाचांतल्या थोरल्या ओलाव आजोबांना विचारलं, "कधी उघडणार?"

"मूळ सापडलं की."

"तोवर आम्ही काय करायचं?"

"थांबायचं. आम्हीही थांबलोच आहोत ना?"

म्हाताऱ्यांनी आइसलँडला पत्रं पाठवली. तिथे जपलेल्या जुन्या पोथ्या मागवल्या. एक पोथी यायला वर्ष लागे आणि तिच्यावर वाद घालायला दोन. मारेन दर वसंतात येऊन तोच प्रश्न विचारी. पुढे ती कडेवर धाकटा भाऊ घेऊन येऊ लागली. मग दुधाच्या बादल्या घेऊन जाता जाता विचारू लागली. मग तिने विचारणं सोडून दिलं.

दहाव्या वर्षी मूळ सापडलं. त्या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ होता, उडी मारणं.

म्हाताऱ्यांनी आनंदाने चर्चची घंटा वाजवली आणि कुलूप काढलं. गावची मुलं जमली. "मारा उड्या," ओलाव आजोबा म्हणाले. मुलं एकमेकांकडे बघत राहिली. त्यांनी कुणाला खेळताना पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात मारेन बादल्या घेऊन चालली होती.

"मारेन, तू खेळलेली आहेस. यांना एक उडी मारून दाखव."

"पहाटेपासून अकरा गाईंच्या धारा काढल्यात, आजोबा. पाय दुखतात."

"अगं, एकच."

"दहा वर्षांपूर्वी सांगितलं असतं, तर तुम्हालाच मला 'आता पुरे' म्हणावं लागलं असतं," मारेन म्हणाली आणि चालू लागली.

उघड्या फाटकातून एक कोकरू आत शिरलं आणि उगाचच उड्या मारू लागलं. म्हाताऱ्यांनी ते पाहिलं नाही. ते पोथीत अर्थ लिहून ठेवत होते.

तात्पर्य: मोठ्यांचा निर्णय होईपर्यंत बालपण थांबून राहत नाही, मुलांना आधी खेळू द्यावं, शब्दांचा शोध मागाहून घ्यावा.